पोच घेतलीत का?

प्रश्न : आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दीड वर्षापासून डॉक्टर नाही. जानेवारीत आम्ही तहसील कचेरीवर मोर्चा नेला. पाचशेच्या वर माणसं होती, निम्म्याहून जास्त बायका. तहसीलदारांनी निवेदन घेतलं, फोटो निघाला, पेपरात बातमीही आली. पुढे काहीच नाही. आता बैठक बोलावली की चौघं येतात. बाकीचे म्हणतात, मोर्च्यानं काही होत नसतं, मतदानाच्या वेळी बघू. खरंच काही होत नाही का?

उत्तर : तुमच्या पत्रात मी आधी एकच गोष्ट शोधली आणि ती मला सापडली नाही. निवेदनाची पोच घेतलीत का?

मी वस्तीतल्या बायकांबरोबर पाण्याच्या प्रश्नावर काम करू लागले, तेव्हा आमच्या पहिल्याच मोर्च्यात साहेब स्वतः खाली आले होते. निवेदन हातात घेतलं, "आठ दिवसांत बघतो" म्हणाले. आम्ही घोषणा देत घरी गेलो. चार महिन्यांनी त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी फायली चाळल्या आणि सांगितलं की असा कागद इथे आलेलाच नाही. ते खोटं बोलत नव्हते. कागद आवक नोंदवहीत चढलाच नव्हता. मजुरी बुडवून आलेली एक आजी मला म्हणाली, "म्हंजी त्या दिवशी आपण आलोच नव्हतो का?"

तेव्हापासून आमचा शिरस्ता ठरला. साहेबांना निवेदन द्यायचं ते द्यायचंच, पण त्याच वेळी दोघींनी दुसरी प्रत घेऊन आवक-जावकच्या टेबलाशी उभं राहायचं. प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही. शिक्का पुसट उमटला तर पुन्हा मारून घ्यायचा. तो हातात आल्याशिवाय टेम्पो हलायचा नाही.

दुसरी गोष्ट थोडी कडू लागेल. तुमचा मोर्चा चुकीच्या दारात गेला. तहसीलदार महसूल खात्याचे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. तहसीलदार फार तर तुमचा कागद पुढे पाठवतील. तुमचं निवेदन जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्या नावाने हवं. मागणीही एकच ठेवा. "आरोग्यव्यवस्था सुधारा" याला कुणीही हो म्हणतं. "रिक्त पद अमुक तारखेपर्यंत भरा, तोवर आठवड्यातले ठरलेले दिवस दुसऱ्या केंद्राचे डॉक्टर पाठवा" याला हो किंवा नाही असं उत्तर द्यावं लागतं.

पोच मिळाली की कायदा तुमच्या बाजूने चालू लागतो. आपल्या राज्यात २००५ चा बदल्यांचा आणि विलंब रोखण्याचा कायदा आहे, लोक त्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. एका कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त अडकू नये, असं त्यात म्हटलंय. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका : आवक क्रमांक अमुक, या निवेदनावर रोज काय कार्यवाही झाली, ते कोणाकडे किती दिवस होतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. उत्तराची मुदत तीस दिवस.

हा हक्कसुद्धा आंदोलनातूनच आलाय. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी मजूर किसान शक्ती संघटनेनं सरकारी कामांचे हजेरीपट लोकांसमोर मोठ्यानं वाचले. ज्यांची नावं मजूर म्हणून लागली होती, त्यातली माणसं समोर बसून सांगत होती की आम्ही त्या कामावर गेलोच नाही. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं. देशाचा माहिती अधिकाराचा कायदा झाला २००५ मध्ये. कोट किरानापासून अकरा वर्षं. म्हणून तुमच्या जानेवारीच्या मोर्च्याला मी इतक्यात वाया गेला म्हणणार नाही.

मार्च २०१८ चा नाशिक ते मुंबई किसान लाँग मार्च तुम्हाला आठवत असेल. दहावीच्या मुलांना पेपरला जाताना अडचण नको म्हणून ते लोक रात्रीतूनच चालत आझाद मैदानावर आले. सोललेल्या तळपायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मला मात्र पुढचं जास्त मोलाचं वाटतं. तोंडी शब्दावर ते उठले नाहीत, सरकारकडून लेखी घेतलं. ते पाळलं जात नाही असं दिसल्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा चालू लागले.

आता त्या चौघांबद्दल. पाचशे माणसांनी दर बैठकीला यावं अशी अपेक्षाच धरू नका, त्यांचा एक दिवस म्हणजे एक रोज बुडतो. चौघं पुरेत, पण हातात वही हवी. कोणत्या तारखेला कोण पेशंट केंद्रातून परत गेला, बाळंतिणीला कुठे न्यावं लागलं, गाडीभाडं किती पडलं. त्या पाचशेतल्या बायकांना हे विचारायला घरोघर जा. बैठकीला न येणारी बाई दारात उभी राहून सगळं सांगते, आणि पुन्हा जोडली जाते. हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

मतदानाच्या वेळी जरूर बघा, पण पाच वर्षं थांबता कशाला? वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. येत्या ग्रामसभेत ती वही वाचून दाखवा, ठराव मांडा, ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घ्या आणि नव्या निवेदनाला जोडा. आवक क्रमांक मिळाला की मला कळवा.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजात आहे, मोर्च्यांना जाते. गुन्हा दाखल झाला तर पुढे नोकरीचं काय, या काळजीनं मला झोप येत नाही. तिला अडवू का?

उत्तर : अडवू नका, ताई. शांततेनं, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क तिला घटनेच्या कलम १९ नं दिलाय. तुमची काळजीही खरी आहे, जमावबंदीचा आदेश मोडला म्हणून गुन्हे दाखल होतात. तेव्हा निघण्याआधी तिनं संयोजकांकडे पोलीस परवानगीचं पत्र बघायला मागावं. मार्ग, वेळ, अटी त्यावर लिहिलेल्या असतात. गुन्हा झालाच, तर नोकरीच्या पडताळणी अर्जात तो लपवू नये. साध्या आंदोलनाच्या गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीच जास्त नडते. एका वकिलाचा नंबर तिच्या वहीत लिहून द्या, मोबाईल काढून घेतला गेला तरी तो हाताशी राहील.