‘बेफाम’ या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो आला कुठून?

‘बेफाम’चे दोन तुकडे पाडा. ‘बे’ हा फारसी उपसर्ग, म्हणजे विना. ‘फाम’ म्हणजे मूळ अरबी ‘फहम’, समज. हिंदीतल्या ‘गलतफहमी’त तोच शब्द शाबूत आहे, मराठीत ‘ह’ गळून ‘फाम’ झालं. म्हणजे बेफाम तो, ज्याची समज त्या घडीला जागेवर नाही. राग, नशा किंवा वेग, कारण कुठलंही असो.

गफलत होते ती ‘बेदरकार’शी. त्याला कळतं, पण पर्वा नसते. जळगाव-भुसावळ रस्त्यावर समोरून गाडी येतेय हे दिसत असूनही डंपर आडवा घालणारा बेदरकार. झिंगून सुसाट सुटलेला बेफाम. (कायद्याला हा फरक फारसा नाही, दोघांनाही भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लागू शकतं.)

‘बेलगाम’ वेगळा. सारंगखेड्याच्या बाजारात लगाम नसलेला घोडा बेलगाम, पण तो शांत उभा असू शकतो. बुजून चौखूर उधळला की बेफाम.

‘बेभान’मध्ये मात्र फारसी ‘बे’ला संस्कृत ‘भान’ जोडलंय. त्यात दोष असतोच असं नाही. माणूस नाचतानाही बेभान होतो.

वापरताना रूप बदलत नाही: बेफाम पोरगा, बेफाम पोरी. नाम हवं असेल तर ‘बेफामपणा’.