मुलासमोर शिकव

प्रिय पोरी,

परवा गंगापूर रोडवर चहा पिताना तू रडवेली झालीस. "शाळेतल्या मदतनीस मावशींना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, तक्ते लावले, तरी मावशी मुलांना भरवतातच, स्वतः खाऊ देत नाहीत." मी तेव्हा गप्प बसले, कारण तुझ्यात मला मीच दिसत होते.

मावशींचं काही चुकलेलं नाही. तू त्यांना हॉलमध्ये शिकवलंस आणि मुलं वर्गात होती. मुलासमोर शिकव.

सातपूरच्या शाळेत असताना मीही स्वावलंबनावर भाषणंच दिली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी) असलेला, न बोलणारा एक मुलगा होता. मावशी त्याला रोज मायेने वरणभात भरवायच्या. त्याचा उजवा हात ताटाकडे सरकायचा, पण तो पोचायच्या आत घास तोंडात. हे सहा वर्षं चाललं! तो शाळा सोडून गेल्यावर एका जुन्या व्हिडिओत मला तो हात दिसला. रोज त्याच वर्गात बसून मी रजिस्टर भरत होते.

मदतनीस सतत चिकटून राहिला की मूल शिक्षकांपासून आणि सवंगड्यांपासून तुटतं, त्याच्यावरच विसंबून राहतं, हे अमेरिकेत संशोधक जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं. मी ते वाचलंही होतं. वाचून काय झालं?

आधी तू करून दाखव. चमचा त्याच्या मुठीत, तुझा हात त्याच्या हातावर. ओठांजवळ आलं की हात सैल सोड, शेवटचे दोन इंच त्याचे. ते जमलं की तुझा हात मनगटावर, मग कोपरावर. मध्ये मनात दहापर्यंत मोज, त्या मुलांना वेळ लागतो. (गिळायला त्रास असेल तर आधी थेरपिस्टला विचार, यात हयगय नको.) मग मावशींना करू दे. जमलं तर तिथेच सांग, चुकलं तर तिथेच, हळू आवाजात. नंतर ऑफिसात बोलावून नाही. मुलासमोर.

वेळ नाही म्हणू नकोस. जेवणाची सुट्टी रोज असते.

मी मावशींच्या फार मागे लागते, असं लोक म्हणायचे. लागायचेच. त्यांच्या तुटपुंज्या पगारासाठी व्यवस्थापनाशीही तितकीच भांडले आणि त्यात नोकरी गेली. पुन्हा तशीच भांडेन. दिवसभर मुलाचा हात मावशींच्याच हातात असतो, तुझ्या-माझ्या नाही.

सोमवारी एकच मूल घे. मी जेवणाच्या वेळी येईन, मागे भिंतीपाशी उभी राहीन. दहा मोजून व्हायच्या आत तुझा हात पुढे गेला तर मात्र तिथेच सांगेन.

तुझी,
बाई