नवा रेक कुणाला, जुना कुणाला?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं (रेक म्हणजे एकत्र जोडलेल्या डब्यांची अख्खी गाडी)

मुंबईच्या जुन्या लोकल रंगरंगोटी करून चाळीसगाव–धुळे मार्गावर का चालवत नाहीत? रूळ तोच, वरची तारही तीच. गर्दीच्या वेळी आम्हाला तेवढाच आधार होईल.
– एक वाचक, चाळीसगाव

रूळ आणि तार याबाबत तुमचं म्हणणं बरोबर आहे. दोन्हीकडे रुळांतलं अंतर 1676 मिलिमीटर आणि तारेत 25 हजार व्होल्ट एसी. मुंबईत मात्र एसी प्रवाह अलीकडचा आहे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी तिथे पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर, आणि हार्बर मार्गावरचा डीसी प्रवाह एप्रिल 2016 मध्ये बंद झाला. त्याआधीची निव्वळ डीसीवर चालणारी लोकल धुळ्याच्या तारेखाली जागची हललीही नसती.

आता अडतं ते फलाटापाशी. लोकलच्या डब्याचा तळ रुळापासून सुमारे 1.2 मीटर उंच असतो आणि दाराखाली पायऱ्या नसतात, कारण मुंबईचे फलाट उंच आहेत. आपल्या भागातल्या लहान स्थानकांवर कुठे रुळालगतचे, तर कुठे 455 मिलिमीटरचे मध्यम उंचीचे फलाट आहेत. 455 च्या फलाटावरसुद्धा पाऊण मीटर वर चढावं लागेल. म्हातारी माणसं, कडेवर लेकरू असलेल्या बाया, बाजाराच्या पाट्या, हे सगळं त्या उंचीवर चढवायचं म्हणजे रोज अपघाताला निमंत्रण. मेमूला, म्हणजे लहान पल्ल्याच्या विजेच्या पॅसेंजर गाडीला, पायऱ्या असतात त्या याचसाठी. नव्या मेमूत शौचालयही असतं, लोकलमध्ये नसतं.

बांधणीही वेगळी आहे. मेमूचं युनिट चार डब्यांचं, त्यात एक मोटर कोच (मोटर असलेला डबा) आणि तीन ट्रेलर (मोटर नसलेले डबे). लोकलमध्ये मोटर कोचचं प्रमाण जास्त, कारण तिला दर दोन-तीन मिनिटांनी थांबून पुन्हा झटकन वेग घ्यायचा असतो. दूरदूरच्या स्थानकांमध्ये ती जादा यंत्रसामग्री नुसती वाहून न्यायची आणि तिची देखभालही करायची. शिवाय लोकलचं नियत आयुष्य 25 वर्षं धरतात. मुंबई तिला सोडते तोवर कायम उघड्या दारांतून आलेल्या पावसाच्या पाण्याने उंबऱ्याखालचा पत्रा खाल्लेला असतो. रंगाने ते झाकता येतं, दुरुस्त होत नाही. या मार्गासाठी मागायचीच तर मेमूची जादा फेरी मागा, ती मागणी टिकेल.

माझा मुलगा न्यूयॉर्कला असतो. तो सांगतो, तिथल्या सब-वेत एका मार्गाच्या गाड्या काढून दुसऱ्याला देतात, दुसऱ्याच्या जुन्या पहिल्याला. नवीन गाड्या ज्याला हव्यात त्याला सरळ देऊन टाकायला काय हरकत आहे?
– एक वाचक, जळगाव

तुमच्या मुलाने पाहिलेल्या अदलाबदलीचं सगळ्यात ठळक उदाहरण 7 क्रमांकाच्या मार्गाचं आहे. तिथे रुळांवरच्या सिग्नलांऐवजी सीबीटीसी बसवायची ठरली. गाडी आणि नियंत्रण कक्ष यांच्यात रेडिओवरून सतत संपर्क ठेवणारी ही यंत्रणा. पण 7 वर धावत होत्या 1980 च्या दशकातल्या आर 62 ए जातीच्या गाड्या. त्यांच्यात ही उपकरणं बसवणं परवडणारं नव्हतं. 6 क्रमांकाच्या मार्गावर मात्र तुलनेने तरुण आर 142 ए गाड्या होत्या, आणि त्यांच्यात ती बसवता येत होती. म्हणून 6 च्या गाड्या काढून त्यात सीबीटीसी बसवली आणि त्या 7 ला दिल्या. 7 च्या जुन्या गाड्या 6 कडे गेल्या.

डब्यांचा हिशेब पाहण्यासारखा आहे. 7 वर अकरा डब्यांची गाडी चालते, 6 वर दहा डब्यांची. आर 142 ए चे 380 डबे म्हणजे दहा-दहाच्या 38 गाड्या. प्रत्येकीत एक नवा डबा घालून अकरा केले, त्याला 38 नवे डबे लागले. शिवाय अकरा डब्यांच्या 8 गाड्या पूर्ण नव्या घेतल्या, त्याचे 88. एकूण नवे डबे 126, रूपांतरित 380, मिळून 506 डबे आणि 46 गाड्या. या सगळ्यांना आर 188 हे नाव मिळालं. 506 डबे नवे घेण्याऐवजी 126 मध्ये भागलं, हा त्या अदलाबदलीचा फायदा. तोटा 6 च्या प्रवाशांनी सोसला. चांगली गाडी गेली, जुनी आली, आणि त्यांच्या स्थानकांवर काहीच बदललं नव्हतं. अशा वेळी प्रवाशांना कारण आधीच समजावून सांगणं हे प्रशासनाचं कर्तव्य आहे, असं आमचं ठाम मत आहे.

हवी त्याला सरळ न देता येण्याचं दुसरं कारण बोगदे आणि वळणं. न्यूयॉर्कमध्ये खरं तर दोन मापांचं जाळं आहे. आकड्यांच्या मार्गांवरचे डबे सुमारे 2.7 मीटर रुंद आणि साडेपंधरा मीटर लांब. अक्षरांच्या मार्गांवरचे 3.05 मीटर रुंद. रुंद डबा अरुंद बोगद्यात शिरत नाही. अरुंद डबा रुंद मार्गावर चालेल, पण फलाट आणि दार यांच्यात वीतभर फट राहील. अक्षरांच्या मार्गांतही पुन्हा भेद आहे. तिथे 60 फुटी आणि 75 फुटी असे दोन प्रकारचे डबे आहेत. दहा साठ-फुटी काय किंवा आठ पंचाहत्तर-फुटी काय, गाडी 600 फुटांचीच होते. तरीही जे, झेड, एल, एम या मार्गांवर 75 फुटी डबे चालवत नाहीत. वळणावर लांब डब्याचा मधला भाग आत झुकतो, टोकं बाहेर फेकली जातात, आणि तिथली वळणं तेवढी सैल नाहीत.

कधी कधी हवामानसुद्धा ठरवतं. 1964 पासून धावणाऱ्या आर 32 गाड्या सी मार्गावर होत्या आणि तो मार्ग पूर्ण भुयारी. उन्हाळ्यात भुयारात अडकलेल्या उष्णतेने त्यांची वातानुकूलन यंत्रं बंद पडत. मग काही उन्हाळे त्या गाड्या काही भाग उघड्यावरून जाणाऱ्या ए मार्गावर पाठवल्या आणि ए च्या गाड्या सी ला दिल्या. वास्तविक त्या आधीच भंगारात जायच्या होत्या. पण त्यांच्यापेक्षा तरुण असलेल्या आर 44 च्या सांगाड्यात दोष निघाला, त्या आधी काढाव्या लागल्या आणि म्हाताऱ्यांची मुदत वाढली. आर 32 अखेर जानेवारी 2022 मध्ये निवृत्त झाल्या. गाडीचं वय जन्मसालावरून धरू नये, सांगाडा तपासून धरावं.

पुण्यात हिंजवडीची मेट्रो वेगळी आणि पिंपरी-वनाजची वेगळी, असं ऐकतो. गर्दी वाढली तर एकीचे डबे दुसरीला देता येतील का?
– एक वाचक, धुळे

नाही. पिंपरी-चिंचवड–स्वारगेट आणि वनाज–रामवाडी हे मार्ग वरच्या तारेतून 25 हजार व्होल्ट एसी घेतात. हिंजवडी–शिवाजीनगर मार्गाची गाडी रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून 750 व्होल्ट डीसी घेते. एकीच्या टपावर तारेला टेकणारा पँटोग्राफ, दुसरीच्या बोगीला, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याला, वीज घेणारा बूट.

दिल्लीत अडचण रुळाची आहे. रेड, यलो आणि ब्लू लाइन ब्रॉडगेज, तर ग्रीन, व्हायोलेट आणि नंतरच्या मार्गांना 1435 मिलिमीटरचा स्टँडर्ड गेज. कोलकात्यात ब्लू लाइन ब्रॉडगेज आणि ग्रीन लाइन स्टँडर्ड, वीज मात्र दोन्हीकडे तिसऱ्या रुळातली 750 व्होल्ट. म्हणून तिथे ब्लू लाइनचा रेक जोका–माझेरहाटच्या पर्पल लाइनला देता येतो, ग्रीनला देता येत नाही. पाचोरा–जामनेरची 762 मिलिमीटरची छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. एकाच शहरात असं का केलं, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच. मार्ग वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कंत्राटांत बांधले गेले, आणि पुढे डबे वाटून घ्यावे लागतील हा विचार त्या कागदांत नव्हता.

एका मार्गाला किती गाड्या लागतात, हे कसं काढतात?
– एक वाचक, अमळनेर

एका गाडीने जाऊन-येऊन, दोन्ही टोकांचा थांबा धरून, पुन्हा पहिल्या जागी यायला लागणारा वेळ घ्या. त्याला दोन गाड्यांमधल्या अंतराने भागा. समजा, जायला 50 मिनिटं, यायला 50 आणि टोकांना दहा-दहा, म्हणजे 120 मिनिटं. दर 6 मिनिटांनी गाडी हवी तर 20 रेक. शिवाय एक तयार उभा आणि दोन शेडमध्ये दुरुस्तीला, मिळून 23.

आता या मार्गाला 25 थांबे आहेत आणि जुना रेक वेग घेताना प्रत्येक थांब्याला 15 सेकंद जास्त घेतो असं धरा. एका दिशेला सहा मिनिटं वाढली, फेरीला बारा. 132 भागिले 6, म्हणजे 22. तेवढ्याच फेऱ्यांना दोन रेक जास्त लागले. जवळजवळचे थांबे आणि दाट फेऱ्या असलेल्या मार्गाला नवीन गाडी आधी मिळते, ती या भागाकारामुळे.

भुसावळसारख्या ठिकाणी दुसऱ्या विभागातून जुना रेक आला तर दुसऱ्या दिवशी चालवता येतो का? त्यात काय काय बिघडू शकतं?
– एक वाचक, भुसावळ

त्याच जातीचे रेक तिथे आधीपासून असतील तर तपासणी करून लगेच चालवता येतो. जात नवी असेल तर महिने लागतात.

आधी कागद. प्रत्येक डब्याचं बांधणीचं साल, शेवटच्या पीओएचची म्हणजे कारखान्यातल्या पूर्ण दुरुस्तीची तारीख, चाकांचे व्यास, बदललेल्या मोटरा आणि कॉम्प्रेसर. ही नोंद रेकबरोबर आली नाही तर घेणाऱ्या शेडने रेक ताब्यात घेऊ नये. नोंदीविना आलेल्या रेकचा पहिला बिघाड शोधण्यातच आठवडा जातो.

मग चाकं. एलएचबी म्हणजे नव्या बांधणीच्या डब्याचं चाक नवं असताना 915 मिलिमीटर, झिजत 845 ला आलं की बाद. मोटर असलेल्या गाड्यांमध्ये एकाच बोगीच्या चाकांचे व्यास जुळलेले नसतील तर मोटरांवरचा भार असमान होतो, एक तापते आणि पावसात चाक घसरतं. गाडीतल्या वेगमापकालाही चाकाचा खरा व्यास कळवावा लागतो. नोंद 915 ची आणि चाक 845 चं असेल तर काटा 100 दाखवतो तेव्हा गाडी 92 ने धावत असते. हाताने चालवताना हे फारतर वेळेचं नुकसान. आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेत मात्र गाडी फलाटाच्या खुणेवर थांबत नाही आणि दार भलत्याच जागी उघडतं.

त्यानंतर मोकळा रेक रात्री सावकाश चालवून फलाटाची कड, पुलाचे खांब, बोगद्याची भिंत यांच्यापासूनचं अंतर पाहतात. डब्याच्या कडांना फोमच्या पट्ट्या चिकटवण्याची जुनी पद्धत आजही खात्रीची. पट्टी घासली गेली तर जागा लगेच समजते. थ्री-फेज मोटरांच्या गाड्यांबाबत आणखी एक परीक्षा असते. त्यांच्या इन्व्हर्टरमधून (मोटरांना वीज देणाऱ्या उपकरणातून) रुळांत जाणारा प्रवाह सिग्नलच्या ट्रॅक सर्किटला, म्हणजे रुळावर गाडी आहे का हे ओळखणाऱ्या यंत्रणेला, फसवू शकतो, म्हणून तो मोजावाच लागतो. गाडीची जात त्या मार्गाला नवी असेल तर लखनऊच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेचं वेगाचं प्रमाणपत्र आणि रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते सुट्या भागांकडे. रेक येतात, त्यांचे सुटे भाग जुन्याच शेडच्या कोठारात राहतात. मग एक रेक उभा करून त्याचे काँटॅक्टर (विजेचे मोठे स्विच), ब्रेकचे व्हॉल्व, दारांची यंत्रं काढून बाकीच्यांना लावतात. वर्षभराने तो उभा रेक पुन्हा चालू करण्यासारखा राहत नाही आणि कागदावर दहा असलेले रेक प्रत्यक्षात नऊच उरतात. एका शेडमध्ये तीन जातींचे रेक असले की हा त्रास तिप्पट होतो. म्हणून जाणते अधिकारी नवे-जुने असा भेद न करता, एका शेडला शक्यतो एक जात ठेवायचा आग्रह धरतात.

आमच्या गाडीला जुनेच डबे लावतात अशी शंका आहे. प्रवाशाला ते ओळखता येईल का? आणि निदान अर्धे तरी नवे डबे मागता येतील का?
– एक वाचक, नंदुरबार

ओळखता येतं. एक्स्प्रेस आणि पॅसेंजरच्या डब्यावरच्या क्रमांकाचे पहिले दोन अंक म्हणजे बांधणीचं साल. क्रमांक 09 ने सुरू झाला तर डबा 2009 चा. डब्याच्या टोकाच्या भिंतीवर शेवटच्या पीओएचची तारीख, कारखान्याचं नाव आणि परतीची, म्हणजे पुढच्या पीओएचची, तारीख रंगवलेली असते. परतीची तारीख उलटून गेलेला डबा धावताना दिसला तर क्रमांकासह लेखी तक्रार करा.

जुन्या बांधणीच्या आयसीएफ डब्यांचं नियत आयुष्य 25 वर्षं, एलएचबीचं 35. आयसीएफ पद्धतीचे डबे पेरांबूरच्या कारखान्यात जानेवारी 2018 मध्ये बनायचे थांबले. त्यातले वीस वर्षांच्या पुढचे बरेच डबे खिडक्या बंद करून मोटारगाड्या वाहण्यासाठी मालडबे केले जातात.

अर्धे-अर्धे मात्र मागू नका. डबे एकमेकांना जोडायला आयसीएफला स्क्रू कपलिंग आणि बाजूचे बफर, एलएचबीला मधोमध बसणारा सीबीसी कपलर. एकाचे ब्रेक चाकाच्या कडेवर दाबतात, दुसऱ्याचे डिस्कवर. एकाचा दिवा-पंखा 110 व्होल्टवर आणि वीज डब्याखालीच तयार होते, दुसऱ्याला टोकाच्या जनरेटर डब्यातून किंवा इंजिनातून 750 व्होल्टचा पुरवठा लागतो. जोडणीसाठी खास डबे करता येतात, पण वेगाची मर्यादा आयसीएफचीच राहते. म्हणून पूर्ण रेकच बदलतात, आणि एलएचबीचा डबा आयसीएफपेक्षा सुमारे दोन मीटरने जास्त लांब असल्याने 24 च्या जागी 22 डबे येतात. हे विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीत विचारण्याजोगं आहे. नवीन रेक देताना जनरलचे किती डबे कमी करणार? कारण कपात बहुधा तिथेच होते. आणि जुनाच रेक येणार असेल तर त्याच्या सर्व डब्यांच्या पीओएचच्या तारखा, त्याचे सुटे भाग आणि एक राखीव रेक यांची लेखी हमी मागा.