‘फेरमोजणी’तला ‘फेर’

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीवर, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश विरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर या लढतीवर, मराठीत लिहायचं आहे. ‘रिकाउंट’ला फेरमोजणी म्हणावं, पुनर्मोजणी की फेरमतमोजणी? आणि ‘हँगिंग चॅड’चं, म्हणजे भोक पाडायच्या मतपत्रिकेला लोंबत राहिलेल्या कागदी तुकड्याचं, काय करायचं?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: फेरमोजणी. ‘पुनर्मोजणी’ चूक नाही, पण ‘पुनर्’ हा उपसर्ग लिहिणाऱ्याला दमवतो. रफार ‘मो’वर हवा, तो हमखास ‘न’वर जातो आणि ‘पुर्नमोजणी’ छापून येते (‘पुर्नविकास’चे फलक आठवा). शिवाय पुढे क, त, प आले की संस्कृत संधी वेगळी होते, म्हणून पुनर्विचार पण पुनःप्रक्षेपण. ‘फेर’ला ही कटकट नाही. फेरविचार, फेरतपासणी, फेरनिविदा, फेरपरीक्षा, कशालाही लावा. ‘फेरफार’मध्ये मात्र तो ‘पुन्हा’ नसून ‘बदल’ आहे, तेवढं लक्षात असू द्या.

‘फेरमतमोजणी’ जिभेला जड आहे. तरी एक अडचण खरी आहे: गावाकडे नुसतं ‘मोजणी’ म्हटलं की जमिनीची मोजणी डोळ्यांपुढे येते. (तिथे वादाची दुसरी मोजणी असेल तर तिला ‘निमताना मोजणी’ असं स्वतंत्र नावच आहे.) म्हणून लेखात पहिल्यांदा ‘मतांची फेरमोजणी’ लिहावं, पुढे नुसतं ‘फेरमोजणी’ चालतं.

‘फेरमतदान’ हा शब्द मात्र तिच्या जागी वापरू नये. फेरमतदानात मतदार पुन्हा रांगेत उभा राहतो, फेरमोजणीत फक्त कागद पुन्हा हाताळले जातात. ज्या राज्यावर सगळा निकाल अडला होता त्या फ्लोरिडात दोन्ही मागण्या झाल्या होत्या, म्हणून गोंधळ महागात पडतो. तिथल्या पाम बीच काऊंटीत (काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ‘फुलपाखरी’ मतपत्रिका होती: डाव्या-उजव्या पानांवर नावं, मधोमध मत देण्यासाठी पाडायच्या भोकांची एकच ओळ. गोर यांचं नाव डावीकडे दुसरं, पण भोक तिसरं. दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन या रिफॉर्म पक्षाच्या उमेदवाराचं. त्या काऊंटीत ब्युकॅनन यांना ३,४०७ मतं पडली आणि अनेक मतदारांनी फेरमतदान मागितलं. न्यायालयाने ते नाकारलं. फेरमोजणीचा वाद वेगळा चालू राहिला.

त्या वादात पहिला आकडा १,७८४ चा. फ्लोरिडात मोजल्या गेलेल्या सुमारे ६० लाख मतांत बुश एवढ्याने पुढे होते. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असल्यामुळे राज्याच्या कायद्याप्रमाणे यंत्राने पुन्हा मोजणी झाली आणि तो ३२७ वर आला. परदेशातली टपाली मतं धरून ९३०, आणि २६ नोव्हेंबरला अधिकृतपणे ५३७. यातली पहिली पायरीसुद्धा सगळीकडे ‘फेरमोजणी’ नव्हती. काही काऊंट्यांनी पत्रिका यंत्रातून पुन्हा फिरवल्याच नाहीत, नुसत्या बेरजा ताडून पाहिल्या. त्याला मराठीत ‘पडताळणी’ किंवा ‘फेरबेरीज’ म्हणावं.

आता ‘फेर’ची गंमत. एकदा झालेली गोष्ट पुन्हा करणे, हा त्याचा अर्थ. दोन पक्षांचं भांडण नेमकं ‘एकदा झाली का’ यावरच होतं. राज्यभरात सुमारे पावणेदोन लाख मतपत्रिकांवरून यंत्राला अध्यक्षपदाचं मत मिळालं नव्हतं. काहींवर एकही भोक त्याला दिसलं नाही, काहींवर एकाहून जास्त दिसली. रिपब्लिकन पक्षाचं म्हणणं, मतं मोजून झाली, पुन्हा मोजून झाली, आता हाताने मोजायला लावणं म्हणजे आकडा मनासारखा येईपर्यंत मोजत बसणं. डेमोक्रॅटांचं म्हणणं, या पत्रिका अजून कोणी मोजल्याच नाहीत, मग ‘पुन्हा’ कसलं? मायामी-डेड काऊंटीतल्या अशा सुमारे ९,००० पत्रिकांबद्दल लिहिताना ‘फेरमोजणी’ लिहिलं की नकळत एका बाजूचं म्हणणं मान्य केल्यासारखं होतं. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाला ‘फेरमोजणी’ म्हणावं आणि त्या पत्रिकांपुरतं ‘हाताने मोजणी’ लिहावं. ८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी राज्यभर जी मोजणी सांगितली, तीही यंत्राला मत न दिसलेल्या पत्रिकांचीच. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि १२ डिसेंबरला ती कायमची थांबली.

इथे ‘बाद मत’ हा आपला शब्द अपुरा पडतो. तो एकही खूण नसलेल्याला आणि दोन खुणा असलेल्याला एकाच टोपलीत टाकतो. पहिल्याला ‘यंत्राला न दिसलेलं मत’, दुसऱ्याला ‘जादा खुणांचं मत’ म्हणता येईल. ‘दुबार’ नको, कारण दुबार मतदार म्हणजे यादीत दोनदा नाव असलेला.

चॅड म्हणजे मतपत्रिकेवर आधीच अर्धवट कापून ठेवलेला इवलासा आयताकृती तुकडा. पत्रिका चौकटीत सरकवायची आणि टोच्याने तो तुकडा आरपार पाडायचा. टोचा हलका बसला, पत्रिका नीट सरकली नसली किंवा खाली जुने तुकडे साचून राहिले असले, तर तो सुटत नाही. मला ‘टिकली’ हा शब्द पटतो. एका कोपऱ्याने अडकलेली ती ‘लोंबती टिकली’ (हाच हँगिंग चॅड), दोन कोपऱ्यांनी अडकलेली ‘झुलती’, तीन कोपऱ्यांनी अडकलेली ‘अर्धी उघडी’, आणि चारही कोपरे शाबूत पण मधे खड्डा पडलेली ‘खळीची टिकली’. या शेवटच्या प्रकाराला अमेरिकेत ‘गरोदर’ही म्हणत. पोटुशी टिकली! पहिल्या उल्लेखात ‘चॅड, म्हणजे मतपत्रिकेवरची कागदी टिकली’ असं लिहून पुढे टिकलीच वापरावी.

हे प्रकार उगाच नव्हते. लोंबती टिकली यंत्रात दाबली जाऊन भोक बुजवू शकते किंवा पुढच्या फेरीत गळून पडू शकते, म्हणून त्याच पत्रिका पुन्हा फिरवल्या तरी आकडा हलतो. आणि नुसती खळी म्हणजे मत की विचार बदलला, यावर काऊंटीगणिक निकष वेगळा. ब्रॉवर्डमध्ये सैल, पाम बीचमध्ये कडक आणि मोजणी चालू असताना बदललेला. कायदा फक्त मतदाराचा हेतू पाहा एवढंच सांगत होता. समान निकष नाही, याच मुद्द्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नऊपैकी सात न्यायाधीशांचं एकमत झालं, मात्र मोजणीच थांबवावी यावर ५ विरुद्ध ४.

नावांतही सापळे आहेत. महाराष्ट्रात नुसतं ‘रिपब्लिकनांचा विरोध’ लिहिलं तर वाचक १९५७ सालच्या रिपब्लिकन पक्षाकडे, म्हणजे आंबेडकरी चळवळीकडे वळतो, म्हणून आधी ‘अमेरिकेतील’ हवं. भाषांतर करून ‘प्रजासत्ताक पक्ष’ करू नये. फ्लोरिडाच्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ कॅथरीन हॅरिस यांना ‘परराष्ट्रमंत्री’ केलं तर अनर्थच. त्या राज्याच्या निवडणूक प्रमुख होत्या, आणि बुश यांच्या राज्यातल्या प्रचाराच्या सहअध्यक्षही. फ्लोरिडाचे तेव्हाचे गव्हर्नर, बुश यांचे भाऊ जेब बुश, ‘गव्हर्नर’च राहू द्यावेत. आपला राज्यपाल नेमलेला असतो, तिथला गव्हर्नर निवडून आलेला.

आपल्याकडे हा शब्द कायद्यातही आहे. निवडणूक संचालन नियम १९६१ च्या नियम ६३ नुसार उमेदवार, किंवा तो नसेल तर त्याचा प्रतिनिधी, कारणं देऊन निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करतो, आणि तो निकालपत्रकावर सही होण्याआधी. सहीनंतर उरते ती ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात करायची निवडणूक याचिका. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मतदान यंत्राला जोडलेल्या छपाई यंत्राच्या, चिठ्ठ्यांसाठी वेगळा नियम आहे, ५६ ड. मतदान यंत्राचा निकाल पुन्हा पाहिला तर ती फेरमोजणी. पण प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या सोडतीने निवडलेल्या पाच केंद्रांपलीकडच्या चिठ्ठ्या आधी कोणी मोजलेल्याच नसतात, म्हणून तिथेही ‘चिठ्ठ्यांची मोजणी’ एवढंच लिहावं.