ट्राउटसाठी गळ कुठे टाकू?

प्रश्न : मी मूळचा मालवणचा, सध्या अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात एमएस करतोय. इथल्या स्टेट कॉलेज गावाजवळ ट्राउट मासा कुठे मिळेल? तळून खायचा बेत आहे.

उत्तर : आधी तव्याचं सांगतो. जवळच्या स्प्रिंग क्रीकमध्ये ब्राउन ट्राउट भरपूर, पण एकही घरी न्यायचा नाही. केपोन आणि मायरेक्स ही रसायनं पाण्यात उतरल्यामुळे 1982पासून तिथे 'धरा आणि सोडा' असाच नियम आहे. माशांना तो चांगलाच मानवलाय! चुनखडीतल्या झऱ्यांचं पाणी, उन्हाळ्यातही गार. बेलफॉन्टजवळ 'फिशरमन्स पॅराडाइज'ला जा. तिथे फक्त फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा, चालते; पाण्यात पाय घालायचा नाही. सोळा नंबरच्या गळावर करड्या लोकरीचा किडा बांध, तळाला लागूनच वाहू दे.

मेअखेरीस पेन्स क्रीकवर ग्रीन ड्रेक नावाचे किडे पाण्यातून उठतात तेव्हा गळवाल्यांची जत्रा भरते. मला नाही झेपत.

खायचाच असेल तर सरकार मासे सोडतं त्या ओढ्यांवर, एप्रिल ते लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार), दिवसाला 5, किमान 7 इंची. परवान्यासोबत ट्राउट परमिट वेगळं काढ. आणि बाबा, त्याला बांगड्याची चव नाही. तिरफळ जरा सढळ हातानं घाल.