डायोरामासाठी एफडी मोडायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिंचवडचे एक वाचक, वय ३४, ऑटो पार्ट्सच्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर, हातात पगार ८२ हजार, घराचा हप्ता साडेसत्तावीस हजार, मुलगी चार वर्षांची. कॉलेजपासून १/३५ स्केलचे, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढे, टँक किटचे सुटे भाग जोडून बनवतात आणि आता नुसता टँक नाही तर जमीन, झाडं, माणसं असा पूर्ण प्रसंग उभा करायचाय, म्हणजे डायोरामा. ओळखीच्या एका रिटायर्ड कर्नलसाहेबांनी १९७१ च्या युद्धातल्या बसंतरच्या लढाईचा डायोरामा ४० हजारात करून मागितलाय. त्यावरून यांच्या डोक्यात आलंय की ४ लाखांच्या एफडीतले २ लाख २० हजार काढून घरात फक्कड सेटअप लावावा, अशी कामं घ्यावीत आणि दोन वर्षांत पैसे वसूल करावेत. बायकोला अजून सांगितलेलं नाही. तर मोडू का, असं विचारतायत.

नका मोडू. पण डायोरामा करा, कर्नलसाहेबांचाच करा, फक्त तुम्ही ठरवलेल्या क्रमाने नको.

आधी एफडी. मुदतीआधी मोडली की अर्धा-एक टक्का दंड जातो आणि जितके दिवस ठेवली तितक्याच दिवसांचा दर मिळतो, हे तुम्हाला माहितीये आणि तुम्ही लिहिलंयही की नुकसान फार नाही. बरोबर आहे, दंडाचं मला काहीच वाटत नाही. माझा आक्षेप वेगळाय. तुमचा न टाळता येणारा खर्च बघा, हप्ता २७,५००, घरखर्च ३३ हजार, विम्याचे महिन्याला धरून ३ हजार, म्हणजे ६३,५००. सहा महिन्यांचे झाले ३ लाख ८१ हजार. म्हणजे ही ४ लाखांची एफडी शिल्लक पैसा नाहीचे, ती तुमची नोकरी गेली तर घर चालवायची सोय आहे आणि त्यातून २ लाख २० हजार काढले की तीन महिन्यांचीसुद्धा राहत नाही. ऑटो पार्ट्सवाल्यांकडे ऑर्डर कमी झाल्या की पहिली कात्री कुठे लागते हे मी तुम्हाला सांगायला नको.

एफडीवर ओव्हरड्राफ्ट घेऊ का, असंही विचारलंयत. मिळतो, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याजाने मिळतो, पण गहाण तीच एफडी पडते, त्यामुळे अडचणीच्या वेळी हात तेवढाच आखडणार. आणि प्रिंटरसाठी जो नो-कॉस्ट ईएमआय म्हणताय त्यात प्रोसेसिंग फी, व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी आणि रोख घेतलं असतं तर मिळालेली सूट बुडाली ती, एवढं धरून बेरीज करा मग कळेल नो-कॉस्ट म्हणजे काय.

आता तुमची यादी. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारा) आणि कंप्रेसर १६ हजार, रेझिन थ्रीडी प्रिंटर (पातळ रेझिनपासून छोटे भाग छापणारा) आणि ते भाग धुवून कडक करणारं वॉश-क्युअर मशिन ५२ हजार, आठ नवीन किट ४६ हजार, टेबल-कपाट-लाइट-ॲक्रिलिकच्या पेट्या ५८ हजार, रंग आणि हत्यारं २४ हजार, फोटोसाठी लेन्स वगैरे २४ हजार. यादी वाचून मला मजा वाटली, इंजिनिअर माणसाने केलेली दिसते, प्रत्येक गोष्टीला कारण आहे. पण त्याच पत्रात तुम्ही लिहिलंय की कपाटात अकरा किट न उघडलेले आहेत आणि गेल्या वर्षी दोन पूर्ण झाले. म्हणजे या वेगाने पाच वर्षांचा माल घरात आहे! या छंदात सगळ्यांचंच असं होतं, स्टॅश, म्हणजे न उघडलेल्या किटचा साठा, वाढत जातो आणि टेबल रिकामं राहतं, पण मग आठ नवीन किटचे ४६ हजार पहिल्यांदा खोडा. किट महाग होतायत म्हणून आत्ताच घेऊन ठेवावे हा युक्तिवाद मला मान्य आहे काही अंशी. खेळण्यांवरची बेसिक कस्टम्स ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०, त्यामुळे इंपोर्टेड तामिया कंपनीचं किट घेताना पोटात गोळा येतो हे खरं, पण म्हणून पाच वर्षांनी लागणारी वस्तू इमर्जन्सीच्या पैशातून आज घ्यायची नसते.

प्रिंटरही खोडा, निदान आत्ता. त्याचे ५२ हजार दिसतात पण पुढे रेझिन, धुवायला आयपीए (एक प्रकारचं अल्कोहोल), हातमोजे, रेझिनच्या टाकीच्या तळाची एफईपी फिल्म, आणि एलसीडी स्क्रीनसुद्धा झिजते, हा खर्च चालूच राहतो. शिवाय न वाळलेलं रेझिन कातडीला लागू द्यायचं नसतं, वास आणि वाफ कोंडून चालत नाही, आणि तुमच्या टू बीएचकेत ते मशिन मुलीच्या खेळायच्या जागेशेजारच्या बाल्कनीत ठेवायचा विचार आहे. दोन आकृत्या आणि चार जेरीकॅन छापून हवे असतील तर दुसऱ्याकडून छापून घ्या, काही शेकड्यांत काम होतं.

एअरब्रश मात्र घ्या. यादीत पैसे वसूल करणारी तीच एक वस्तू आहे, आणि घेताना ब्रशपेक्षा कंप्रेसरकडे जास्त बघा, टाकी असलेला आणि मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा) असलेला घ्या, कारण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या हवेत दाबाबरोबर पाणी येतं आणि आठ दिवस खपून मारलेल्या ऑलिव्ह ग्रीनवर एक थेंब सांडला की संपलं. स्वस्तातला बिनटाकीचा घेऊन नंतर बदललात तर १६ चे २२ हजार होतील.

बाकी डायोरामा सुधारायला लागतं ते बहुतेक स्वस्तच असतं, आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोंत ते दिसतंय. टँक जमिनीवर ठेवलेला दिसतो, जमिनीत बसलेला दिसत नाही. सेंच्युरियन, म्हणजे त्या लढाईतला आपला टँक, पन्नास टनांच्या आसपासचं धूड आहे, ग्राउंडवर्क (बेसवरची जमीन) ओलं असतानाच ट्रॅक, म्हणजे टँकचे पट्टे, दाबून ठसा काढला पाहिजे, ट्रॅकच्या वरच्या बाजूला झोळ हवा, आणि जमिनीला जी धूळ आहे तीच चाकांना, तीच बुटांना लागली पाहिजे. टँक बेसच्या कडेला समांतर ठेवलात, जरा तिरका करा म्हणजे नजर फिरते. आणि माती! तुम्ही घराजवळची काळपट माती चाळून लावलीत. बसंतर शकरगढ भागात आहे, पाकिस्तानातल्या पंजाबच्या सपाट गाळाच्या जमिनीत, तिथली धूळ फिकी, करडी-पिवळट. काळ्या मातीवर पूना हॉर्स रेजिमेंटचा टँक उभा केलात तर कर्नलसाहेब पहिल्याच नजरेत ओळखतील. एक्सपीएस (दाट फोमची) शीट, फेविकॉल, चाळलेली वाळू, योग्य रंगाची पिगमेंट (रंगाची भुकटी), सगळं मिळून दीड-दोन हजारात होतं. थर्माकोलवर थेट स्प्रे कॅन मारू नका, विरघळतं, हे तुम्हाला माहीत असेलच म्हणा.

आता कर्नलसाहेबांचं काम, इथे खरा हिशेब आहे. तुम्ही ४० हजारांना हो म्हणायच्या बेतात आहात. माल बघू, सेंच्युरियनचं किट साडेसहा, समोरच्या पाकिस्तानी पॅटन टँकचं किट पाच, आकृत्या अडीच, बेस आणि ग्राउंडवर्क दोन, ॲक्रिलिकची पेटी साडेचार, एकूण साडेवीस हजार. सेंच्युरियन स्टॅशमध्येच आहे म्हणून तुम्ही त्याचे पैसे धरले नव्हते, पण तेही तुमचेच पैसे होते ना कधीतरी दिलेले. उरले १९,५०० आणि तुमच्याच अंदाजाने लागणार दोनशे तास. तासाला ९७ रुपये. नोकरीत तासाला चारशेच्या वर पडतात. छंद म्हणून ९७ रुपयेही गोड आहेत, मी नाही म्हणत नाही, पण त्या आकड्याच्या भरवशावर २ लाख २० हजारांचा धंदा उभा राहत नाही, सव्वाअकरा अशी कामं केल्यावर नुसते पैसे परत येतील, आणि वर्षाला दोनच्या वेगाने त्याला किती वर्षं लागतील ते तुम्हीच काढा.

माझं म्हणणं, पॅटन काढून टाका. हे फक्त पैसे वाचवायला नाही. १६ डिसेंबर १९७१ ला, याच लढाईत परमवीर चक्र मिळवलेल्या पूना हॉर्सच्या अरुण खेतरपालांच्या टँकसमोर शत्रूचे टँक अगदी जवळ होते हे खरंय, पण शंभर मीटर इतकं जवळचं अंतर धरलं तरी १/३५ मध्ये ते जवळजवळ २ मीटर ८६ सेंटिमीटर होतं. तुम्ही ते ४५ सेंटिमीटरच्या बेसवर बसवताय, म्हणजे दोन टँक एकमेकांच्या पाया पडायला आल्यासारखे दिसणार. त्यापेक्षा एकच सेंच्युरियन आणि सुरुंगातून काढलेली वाट, एखाद-दोन सॅपर (सुरुंग काढणारे इंजिनिअर जवान), एवढंच दाखवा. सॅपर्सनी सुरुंग काढून वाट करणं आणि ती पूर्ण मोकळी व्हायच्या आत पूना हॉर्सचे टँक पुढे जाणं, ही त्या लढाईची अर्धी गोष्ट आहे आणि ती सहसा कोणी करत नाही. शत्रू चौकटीबाहेर राहू दे, तोफ कुठे रोखलीय त्यावरून बघणाऱ्याला कळतं. माल साडेवीसवरून साडेपंधरा हजारावर येतो, तास दोनशेवरून १४० च्या आसपास, आणि ४५ हजार मागितलेत तर तासाला २१० पडतात. ही किंमत सांगायला लाजू नका. ते नाही म्हणाले तर काम स्वतःसाठी सावकाश करा.

त्याआधी एक रविवार नगरला जाऊन या, पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन आणि पॅटन दोन्ही आहेत. खेतरपालांचा फमागुस्ता नावाचा टँकसुद्धा नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरने जतन केलाय. फोटो काढायला मनाई नसेल तिथे तोफेची नळी, फ्यूम एक्स्ट्रॅक्टर (नळीवरचा धूर काढणारा फुगवटा) कुठे आहे, बाजूच्या प्लेट्स आहेत का, हे नीट टिपून घ्या, कारण सेंच्युरियनचे बरेच मार्क, म्हणजे प्रकार, आहेत, २० पाउंडर आणि १०५ मिलिमीटर या दोन तोफांच्या नळ्या वेगळ्या दिसतात आणि चुकीची नळी लावलेलं किट म्हणजे पुन्हा साडेसहा हजार. खेतरपाल जन्माने पुण्याचे, १९५० चे, रेजिमेंटचं नाव पूना हॉर्स, त्यामुळे इथे बघायला येणाऱ्यांत जाणकार निघणारच, सूट मिळणार नाही.

पैसा कुठून? एसआयपीचे ८ हजार गेल्यावर तुमच्याकडे महिन्याला साधारण साडेदहा हजार उरतात. त्यातले ५ हजार वेगळ्या खात्यात टाका, नाव द्या वर्कशॉप. चार महिन्यांत एअरब्रश-कंप्रेसर येतो, कुठलीही एफडी न मोडता. दिवाळीचा बोनस ६० हजार म्हणालात, त्यातले २० हजार रंग, हत्यारं आणि चांगल्या लाइटला. कपाट, लेन्स वगैरे नंतर बघू. प्रिंटरचा विषय दोन कामांचे पूर्ण पैसे खात्यात आल्यावर, त्याच पैशातून. आणि वहिनींना आजच सांगा, एफडीत दोघांची नावं असतील तर बँकेत नाहीतरी बहुधा त्यांची सही लागेल, शिवाय रात्री दहानंतरचे १४० तास त्यांच्याही हिशेबातून जाणार आहेत.

टॅक्सचं थोडक्यात. मिळालेले पैसे रिटर्नमध्ये दाखवा, रक्कम छोटी आहे म्हणून सोडू नका. छोट्या धंद्यांच्या अनुमानित करयोजनेखाली (जुन्या कायद्यात कलम ४४एडी) डिजिटल पेमेंटवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के नफा धरून मोकळं होता येतं, त्यामुळे पैसे बँकेतूनच घ्या. तुम्ही ठरलेल्या उलाढालीच्या आत आहात म्हणून जीएसटीचं आत्ता टेन्शन नाही, पण राज्याबाहेर माल विकायला लागलात की आधी सीएला विचारा, तिथे नियम वेगळे आहेत. कंपनीच्या ऑफर लेटरमध्ये बाहेरचं काम चालतं का तेही वाचून घ्या.

कर्नलसाहेबांना कोटेशन लेखी पाठवा, व्हॉट्सॲपवर चालेल. ४५ हजार, निम्मे आगाऊ, उरलेल्यापैकी निम्मे रंगकाम झाल्यावर फोटो बघून आणि बाकीचे देताना. मंजूर झाल्यावर रचना बदलली तर त्याचे वेगळे. आणि त्यांच्या घरी पोचवणार कोण, वाटेत अँटेना तुटली तर कोणाची जबाबदारी, हे आत्ताच लिहा. तुम्ही स्वतः गाडीत घेऊन जाणार असाल तर पेट्रोल धरून पाचशे रुपये त्यात मिळवा.