स्केचबुक ठेवल्याने चित्रकला खरंच सुधारते का? त्यात रोज काय काढावं?

सुधारते, पण वही कशासाठी ठेवायची हे आधी ठरलेलं असेल तर. तुम्ही लिहिलंय की शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेनंतर ब्रश सुटला तो सुटलाच, आता पुन्हा हात चालवायचाय आणि कोऱ्या पानासमोर काही सुचत नाही. इंटरमिजिएट दिली आहेत म्हणजे स्मरणचित्राचा, म्हणजे आठवणीतून चित्र काढायचा पेपर आठवत असेल. तिथूनच सांगते.

त्या पेपरला आपल्या सगळ्यांकडे ठरलेल्या बाहुल्या असायच्या. पाठमोरी टोपलीवाली, फुगेवाला, आईचं बोट धरून चाललेलं पोर. विषय जत्रेचा असो, बाजाराचा असो की बसस्टॉपचा, त्याच बाहुल्या जागा बदलून उभ्या! पेपर निघायचा, ग्रेडही मिळायची. पण हाताला एकदा साचा बसला की डोळे समोर बघायचं सोडून देतात. स्केचबुकाचं पहिलं काम हा साचा मोडणं. म्हणून त्यात छान चित्र काढायला जाऊ नका. समोर जे दिसलं ते टिपा, बस्स.

पुण्यात असाल तर महात्मा फुले मंडईबाहेर, नाहीतर तुमच्या गावच्या आठवडी बाजारात अर्धा तास बसा. भाजीवाली बसल्या बसल्या तराजू उचलते तेव्हा त्या बाजूचा खांदा वर जातो, धड दुसऱ्या बाजूला कलतं आणि मोकळा हात आपसूक गुडघ्यावर टेकतो. आपल्या बाहुलीत यातलं काहीच नव्हतं. भाजीवाली काही तुमच्यासाठी थांबणार नाही, तेव्हा मिनिटभरात खांद्यांची रेघ, कमरेची रेघ आणि भार कुठे पडलाय एवढंच घ्या. नाकडोळे राहू द्यात.

मग शेजारी शब्दांत लिहा. हे सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि माझ्या मते खरा फायदा इथेच आहे. डोक्यावर निळी ताडपत्री असेल तर खालचा उजेडही निळा असतो. त्या उजेडात टोमॅटो लालभडक दिसत नाही, काळपट विटकरी दिसतो, आणि पांढरा मुळा चक्क निळसर. घरी येईपर्यंत हे पुसलं जातं आणि हात सवयीने लाल रंगाकडे जातो. म्हणून तिथल्या तिथे खरडायचं: 'टोमॅटो विटकरी, फटीतून ऊन पडलंय तेवढाच लाल.'

ही माझी काही नवी युक्ती नाही. फ्रेंच चित्रकार युजेन देलाक्रुआ १८३२ मध्ये मोरोक्कोला गेला, तेव्हाच्या त्याच्या वह्यांमध्ये झटपट जलरंगांच्या आजूबाजूला रंग, कपडे, उजेड यांबद्दल गिचमिड लिहिलेलं आहे. त्या शिदोरीवर तो आयुष्याच्या शेवटापर्यंत चित्रं करत राहिला. इंग्रज चित्रकार टर्नर १८०२ मध्ये पॅरिसला लूव्र संग्रहालय बघायला गेला तोही वही घेऊनच. जुन्या उस्तादांच्या छोट्या नकला केल्या आणि त्यांच्या रंगांवर, उजेडावर टिपणं लिहिली. रुबेन्ससारख्या उस्तादाच्या चुका काढायलाही कचरला नाही! टर्नरची सुमारे ३०० स्केचबुकं आज लंडनच्या टेट कलासंग्रहालयाकडे आहेत. आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एखाद्या लघुचित्रासमोर उभं राहून काडेपेटीएवढ्या चौकोनात फक्त गडद आणि उजळ भाग मांडून बघा. चित्रकाराने डोळा कुठून कुठे फिरवलाय ते कळायला लागतं.

रोज काढलंच पाहिजे असं काही नाही. पण महिन्यातून एकदा मागची पानं चाळा आणि आपण काय टाळतोय ते शोधा. सगळ्या माणसांचे हात खिशात नाहीतर पाठीमागे? मग पुढचा महिना हातांचा. सगळ्यांचे पाय पानाबाहेर गेलेत? चपलांच्या स्टँडपाशी बसा. रोज काय काढायचं याचं उत्तर तुमचीच वही देते, बाहेरून विषयांची यादी आणायची गरज पडत नाही.

सामानाचं थोडक्यात. ए५ आकाराची, साधारण १५० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाच्या) कार्ट्रिज, म्हणजे जाडसर ड्रॉइंगच्या कागदाची वही पेन्सिल-पेनाला पुरते. जलरंग भरपूर पाण्याने लावायचे असतील तर ३०० जीएसएमचे सुटे कागद वेगळे ठेवा. शक्यतो पेनाने काढा, म्हणजे खोडरबराचा प्रश्नच मिटतो. आणि वॉशी टेप (नक्षीची कागदी चिकटपट्टी) लावून सजवलेली, इन्स्टाग्रामवर पानं उलटून दाखवायची जर्नलं असतात ना, ती हौस म्हणून जरूर करा, पण वेगळ्या वहीत. कोणीतरी बघणार आहे म्हटलं की माणूस पुन्हा बाहुल्या काढायला लागतो.

बाजारात लोक डोकावणार, 'माझंबी काढा की' म्हणणार. काढा. फुकटात मॉडेल मिळतंय. पान मात्र फाडून देऊ नका. मोबाईलवर फोटो घ्या म्हणावं, त्यावर सहसा सगळे खूश असतात.